चौदा नंबरच्या रजिस्टरातले आमचे घर

गेल्या श्रावणात तीन दिवसांची रजा काढून मी आणि आत्या मुंबईहून गावाकडच्या तहसील कचेरीत गेलो, ते पणजोबांच्या मागची नावे शोधण्यासाठी. आमचे गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत ते सातारा जिल्ह्यातच होते, आणि सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० साली मिळाले. म्हणून गावाबरोबर त्याचा जुना तालुका आणि जुना जिल्हाही लिहून घेतल्याशिवाय घरून निघू नये.

पहिला दिवस जमिनीच्या कागदांत गेला. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे मागे जायचे, म्हणजे वारस, वाटणी, खरेदी अशा नोंदींतून पिढ्या उलगडत जातात. आमच्याकडे मात्र फक्त गट नंबर होते, आणि जमिनींचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या, म्हणजे एकत्रीकरणाच्या आधीचे कागद सर्व्हे नंबरवर लावलेले असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा आधीच काढून ठेवला असता, तर आमचा अर्धा दिवस वाचला असता.

खरे घबाड दुसऱ्या दिवशी हाती लागले. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, जमिनीच्या कागदांपेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते. कारण ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन कधी चढली नाही, त्या बायका आणि पोरे तिथे भेटतात. लिपिकांनी वह्या बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली तेव्हा पाने कडांना इतकी ठिसूळ झालेली होती की ती दोन्ही हातांनी उचलून उलटावी लागत होती. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते, बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. तेव्हा नाव सापडले नाही म्हणून वही मिटू नये, बापाच्या नावाने पुन्हा पाहावे. १९१८ च्या ऑक्टोबरची पाने आली आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक ‘ताप’, ‘ताप’ असेच लिहिलेले दिसू लागले. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. त्या ओळींत पणजोबांची पहिली पत्नी होती, वय बावीस, आणि चार दिवसांनी तिचे तान्हे मूल. तिचे नाव घरात कोणी घेतलेले आत्यानेही कधी ऐकले नव्हते. ती ओळ तिने मला तीनदा वाचायला लावली.

नोंदी मोडी लिपीत होत्या. मोडीत आधी ओळ आखून अक्षरे तिला टांगतात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे नवख्याला शब्द कुठे संपला तेच कळत नाही. निदान आपले आडनाव आणि गावाचे नाव मोडीत कसे दिसते ते घोटून जावे, आणि सोबत जाणकार न्यावा. आमच्याबरोबर गावातले एक निवृत्त गुरुजी होते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहेत, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची चौकशी कचेरीतच करावी. भावकीत एकाच नावाचे दोघे-तिघे असतात, म्हणून बापाचे नाव जुळल्याखेरीज कोणालाही आपल्या वंशावळीत बसवू नये.

घराण्यात वतन किंवा इनाम असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर जरूर पाहावे. तिथल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत वापरली जाणारी कालगणना, भेटतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही नकलेचा अर्ज दिला. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि गाव, वर्ष, नोंदवहीचा प्रकार व पान क्रमांक स्वच्छ लिहिल्यास शोधणाऱ्याचे काम हलके होते. आम्ही दोन नोंदींच्या प्रमाणित नकला मागितल्या, एक तिची आणि एक त्या मुलाची.