ट्राय बाइक, म्हणजे ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, मग पळणं) सायकल, उभी राहिली!

तीन रात्री हॉलमध्ये जुन्या चादरीवर पार्ट मांडून बसले होते, आई म्हणे जेवायला तरी उठ गं. फ्रेम कार्बनची, म्हणून टॉर्क रेंचशिवाय (ठरलेल्या जोरावर कट्ट वाजणारा पाना) हातच लावला नाही, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट 5 न्यूटन मीटरवर कट्ट वाजले की बस्स. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला गिअरच्या केबलनं, फ्रेमच्या पोटातून ती येईचना, शेवटी बाहेरून लोहचुंबक फिरवत फिरवत ओढून काढली.

रविवारी पहाटे इंदूरचा सुपर कॉरिडॉर, रस्ता मोकळा. रोड बाइकची सीट ट्यूब (सीटखालची नळी) साधारण 73 अंशांत असते, हिची 78, त्यामुळे आपण पुढे, जवळजवळ पेडलच्या वरच बसतो, वाकलं तरी कंबर मोकळी राहते आणि नंतर पळायला पाय शिल्लक राहतात. कोपरं एरोबारच्या (पुढे निघालेल्या दांड्यांच्या) पॅडवर टेकली आणि कानातला वाऱ्याचा आवाजच बदलला, काय सांगू!

पण ब्रेक बेसबारवर (बाहेरच्या रुंद हँडलवर) असतात, एरोबारवर नाही, गाय आडवी आली तेव्हा तेवढा हात न्यायलाही उशीर वाटला. गर्दीत एरोवर जायचं नाही म्हणजे नाही.

12 किलोमीटरला सीट बोटभर खाली सरकली, सीटपोस्टला कार्बन पेस्ट (घसरू नये म्हणून लावतात ती) कमी पडली होती. आज परत लावली, टेपची खूण केली. उद्या पुन्हा साडेपाचला, मग पोहे-जिलेबी.