बोट एकटी असते त्या दिवसांसाठी मरीना निवडताना

मरीनेत, म्हणजे बोटी भाड्याने बांधून ठेवण्याच्या बंदरात, दीर्घ मुदतीचा बर्थ (बोट बांधायची जागा) घेताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते : वर्षातील बहुतेक दिवस बोट तिथे असेल आणि आपण नसू. माझ्या 11 मीटर लांबीच्या, पाण्याखाली 1.9 मीटर जाणाऱ्या शिडाच्या बोटीसाठी मी आतापर्यंत तीन मरीना बदलल्या. त्यातील पहिली निवड मी पाहुण्याच्या नजरेने केली होती. स्नानगृहे स्वच्छ होती, वायफाय चालत होते, कार्यालयातील माणसे हसून बोलत होती. यातील एकही गोष्ट बोटीच्या उपयोगाची नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक मरीनेला एकच प्रश्न लावून पाहू लागलो : मध्यरात्री वारा फिरला आणि बोटीवर कोणीही नसले, तर इथे तिचे काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर सर्वप्रथम ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, तोंडाकडे पाहून मिळते. प्रवेशाचे तोंड कोणत्या दिशेला उघडते, त्या दिशेला किती लांबवर मोकळे पाणी आहे आणि वर्षातील सर्वांत वाईट वारा कुठून येतो, या तीन गोष्टी नकाशावर घरबसल्या तपासता येतात. नेहमीच्या वाऱ्यापासून आडोसा देणारी मरीना वर्षातून दोनदाच येणाऱ्या विरुद्ध दिशेच्या वादळात उघडी पडू शकते, आणि बोटी तेव्हाच फुटतात. 29 ऑक्टोबर 2018 रोजी इटलीतील रापालो येथे दक्षिणेकडून आलेल्या वादळाने मरीनेचा ब्रेकवॉटर फोडला आणि आत निर्धास्त बांधलेल्या शेकडो बोटी किनाऱ्यावर आणि एकमेकींवर फेकल्या गेल्या.

लाट दिसते तरी. पाण्याची हेलकावणी मात्र दिसत नाही. दूरच्या वादळातून निघालेली लांब, संथ लाट तोंडातून आत शिरते आणि बंदिस्त कुंडातील सगळे पाणी ताटातल्या पाण्यासारखे मागेपुढे होऊ लागते. पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो, पण प्रत्येक बोट काही सेकंदांनी पुढे सरकते, दोरांना हिसका देते आणि मागे येते, आणि हे दिवसरात्र चालते. याचे टोकाचे उदाहरण स्पेनच्या मेनोर्का बेटावरील सिउताडेया हे आहे. तिथली खाडी अरुंद आणि सुमारे एक किलोमीटर लांब असून तिच्यातील पाण्याला दहा मिनिटांच्या आसपासची स्वतःची लय आहे. समुद्रावरून सरकणारा हवेच्या दाबाचा चढउतार त्या लयीशी जुळला की पाणी भराभर ओसरते आणि तितक्याच वेगाने परत येते; स्थानिक लोक याला रिसागा म्हणतात. 15 जून 2006 रोजी तिथे पाण्याची पातळी सुमारे चार मीटरने खाली-वर झाली आणि अनेक बोटी तळाला टेकून, उलटून किंवा बुडून गेल्या. हे रोज घडत नाही. परंतु त्याची सौम्य आवृत्ती कितीतरी मरीनांमध्ये दर हिवाळ्यात असते आणि माहितीपत्रकात ती कधीच छापलेली नसते. ती वाचायची असेल तर तिथे वर्षभर असलेल्या बोटींचे दोर पाहावेत. क्लीटपाशी, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीपाशी, दोर घासून पिंजलेले असतील, जवळजवळ प्रत्येकाने स्प्रिंगचे किंवा रबराचे झटकाशोषक लावलेले असतील, फेंडरवर (बोटीच्या बाजूला घासू नये म्हणून टांगलेल्या गाद्यांवर) जुने कापड गुंडाळलेले असेल, तर कार्यालयाने काहीही सांगितले तरी तिथले पाणी स्वस्थ नसते.

खोलीबाबत "इथे अडीच मीटर आहे" हे उत्तर अपुरे आहे. कोणत्या ओहोटीला, हे विचारलेच पाहिजे; कारण नकाशावरील खोली बहुधा खगोलीय गणिताने येणाऱ्या सर्वांत नीच ओहोटीपासून मोजलेली असते आणि हवेचा दाब जास्त असेल तर पाणी त्याच्याही खाली जाऊ शकते, ढोबळमानाने दाबाच्या एका हेक्टोपास्कलला (मिलिबारला) एक सेंटिमीटर. शिवाय नदीच्या मुखाजवळ गाळ साचत राहतो, म्हणून शेवटचा गाळ कधी काढला आणि तो किती वर्षांनी काढतात, हेही विचारावे. जिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, जसा फ्रान्सच्या सँ-मालो येथे उधाणात बारा मीटरपर्यंत जातो, तिथे आतले पाणी टिकवण्यासाठी प्रवेशावर पाण्याखालचा उंबरा किंवा लॉकचे (पाणी अडवून धरणारे) दरवाजे असतात. आत बोट सुरक्षित राहते. मात्र बाहेर पडण्याची वेळ घड्याळ नव्हे, भरती ठरवते.

तरंगत्या पॉन्टूनांच्या, म्हणजे बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यांच्या, मरीनेत मी खांबांची उंची पाहतो. पॉन्टून खांबांच्या आधाराने वरखाली होतात, आणि वादळी उधाण खांबांच्या टोकापेक्षा उंच चढले तर सगळा पॉन्टून बोटींसकट निसटून जातो. चक्रीवादळांच्या पट्ट्यात याचा निर्णय बहुधा विमा कंपनीच आपल्यासाठी घेते : अटलांटिकमधील 1 जून ते 30 नोव्हेंबर या हंगामात बोट ठरावीक अक्षांशाबाहेर न्यावी किंवा जमिनीवर चढवून पट्ट्यांनी जखडून ठेवावी, अशा अटी अनेक पॉलिसींमध्ये असतात. म्हणून बर्थचा करार करण्यापूर्वी पॉलिसी वाचावी. मी एकदा हा क्रम उलटा केला आणि अनामत रक्कम गमावली.

विजेबद्दल मात्र मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. दुसऱ्या मरीनेत बॅटऱ्या चार्ज राहाव्यात म्हणून मी किनाऱ्याची वीज कायम जोडून ठेवली होती. पाण्याखालील धातू वाचवण्यासाठी लावलेले जस्ताचे ॲनोड माझ्याकडे एरवी वर्षभर टिकत. तिथे ते चार महिन्यांत संपले आणि प्रोपेलरच्या पात्यांवर गुलाबी डाग दिसू लागले, म्हणजे पितळातले जस्त निघून जाऊन मागे तांबे उरत होते. कारण साधे असते. किनाऱ्याच्या केबलमधील अर्थिंगची (जमिनीशी जोडलेली सुरक्षेची) तार शेजारच्या सर्व बोटींचा धातू एकमेकांना जोडते, खाली खारे पाणी असतेच, आणि अशा रीतीने एक मोठी बॅटरी तयार होते, जिच्यात माझे जस्त शेजाऱ्याचा धातू वाचवण्यासाठी झिजत राहते. अर्थिंगच्या तारेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला की हा लहान दाबाचा प्रवाह अडतो आणि खऱ्या बिघाडाच्या वेळी अर्थिंग शाबूत राहते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर महाग असतो, परंतु तो धातूचा संबंधच तोडतो. आता मी मरीनेच्या खांबांवरील विजेच्या पेट्या उघड्या डोळ्यांनी पाहतो. गंजलेले सॉकेट, चिकटपट्टीने जोडलेल्या केबली आणि प्रत्येक जोडणीला 30 मिलिॲम्पियरचे गळतीसंरक्षण (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसणे, यांपैकी काहीही दिसले तर मी परत फिरतो. गोड्या पाण्यात हा प्रश्न जिवावर बेतणारा ठरतो, कारण मानवी शरीर त्या पाण्यापेक्षा चांगले वाहक असते आणि पोहणाऱ्या माणसातून प्रवाह जातो.

भाडे समजून घेताना लांबी कशी मोजतात ते पाहावे. कागदोपत्री 11 मीटरची माझी बोट पुढचा नांगर आणि मागे टांगलेली डिंगी (छोटी होडी) धरून 12 मीटरच्या वर जाते आणि वरच्या दरात पडते. कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाड्यांच्या रुंद बोटीला, अनेक ठिकाणी दीडपट आकारणी होते. करारात याहून महत्त्वाची वाक्ये बारीक अक्षरांत असतात : बाहेरच्या मिस्त्रीला काम करू देतात की नाही, मरीना आपल्याला न विचारता बोट दुसऱ्या बर्थवर हलवू शकते का, आणि थकबाकी असल्यास बोट अडवून ठेवण्याचा वा विकण्याचा अधिकार तिला कधी मिळतो. दूर देशातील मरीना निवडणाऱ्याने सीमाशुल्काचाही हिशेब ठेवावा. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याची, संघाबाहेर नोंदलेली बोट तिथे करमुक्त राहते ती सर्वसाधारणपणे 18 महिनेच.

स्नानगृहांबद्दल मला आता फारसे म्हणायचे नाही. त्याऐवजी रात्री पॉन्टूनवरून कोण फेरी मारते आणि सुटलेला दोर दिसला तर तो काय करतो, हे मी विचारतो. सध्याच्या मरीनेत वार्षिक करार करण्यापूर्वी मी एक महिन्याचे भाडे भरून बोट तिथे ठेवली आणि एक दोर मुद्दाम थोडा सैल सोडून निघून गेलो. तिसऱ्या दिवशी फोन आला : दोर ताणून घट्ट केला आहे, एक फेंडर खाली सरकवला आहे, आणि पुढच्या वेळी येताना जरा जाड दोर आणावा.