कूलरसमोर जळणारी पुस्तकं

दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, म्हणून कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा १९६६ चा सिनेमा 'फॅरनहाइट ४५१' लावला. तो ज्यावर बेतलाय ती रे ब्रॅडबरीची १९५३ ची कादंबरी कॉलेजात असताना सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतली होती, तेव्हापासून डोक्यात बसलेली.

सुरुवात जबरदस्त. त्या जगात वाचायला बंदी, म्हणून श्रेयनामावली पडद्यावर येतच नाही. छपरांवरच्या अँटेना दिसतात आणि एक आवाज नावं सांगत जातो. वाह बाप्पा!

पुढे मात्र जीव रमेना. पुस्तकं जाळणं हीच नोकरी असलेल्या बंबवाल्या नायकाची बायको आणि शेजारीण, दोन्हीकडे ज्युली ख्रिस्तीच कशाला? आणि कादंबरी वाचून ज्याच्या धाकाने मी रात्री लाईट सुरू ठेवून झोपलो होतो, तो यांत्रिक कुत्रा सिनेमात नाहीच! बंब तर खेळण्यातल्यासारखा लालचुटूक.

पण ती म्हातारी. पुस्तकांच्या ढिगात उभी राहून स्वतःच काडी ओढते. पानं काळी पडत गुंडाळत जातात, कॅमेरा जवळून बघत राहतो. कूलरचं पाणी कधी संपलं, कळलं नाही.

शेवटी बर्फात पाठ केलेली पुस्तकं पुटपुटत फिरणारी माणसं. आईने मागून डोकावलं, "पारायण करून राहिले का रे ते?"

हो म्हटलं.