विजय विलासच्या जाळ्या आणि एक रिकामा रकाना

कच्छमधल्या मांडवीला जाऊन विजय विलास पॅलेसच्या जाळ्या मोजायला मला दोन दिवस लागले. त्यासाठीचं पत्र नागपुरात मिळवायला २३ दिवस गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आर्किटेक्चरच्या थिसिसला विषय घेतला होता समुद्राचा वारा आत घेणाऱ्या दगडी जाळ्यांचा. त्या पत्रासाठीच्या अर्जात एक रकाना होता, ‘पुरातत्त्व खात्याचा स्मारक क्रमांक’. तो मी रिकामा ठेवला, कारण हा महाल राजघराण्याच्या खासगी मालकीचा. महाराव खेंगारजी तिसरे यांनी युवराज विजयराजींसाठी उन्हाळ्यात राहायला तो बांधवला, काम १९२९ मध्ये पूर्ण झालं.

खिडकीतले काका म्हणाले, “रकाना रिकामा चालत नाही, बाई.”
“काका, क्रमांकच नाही तर लिहू काय?”
“ते तुम्ही पाहा.”

आठ दिवसांनी अर्ज परत आला, रकान्याभोवती लाल गोल. मी ‘लागू नाही’ लिहून पुन्हा दिला. मग म्हणे, लागू नाही याला आधार जोडा. मग साहेब दौऱ्यावर. मे महिना, व्हरांड्यातला कूलर बंद, घामानं फाईलचा पुठ्ठा मऊ पडलेला. शेवटी आमच्या गाइड सरांनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं: वास्तू खासगी आहे, परवानगी मालकांकडून घेतली जाईल. दहा मिनिटांत जावक क्रमांक पडला! हे पत्र पहिल्याच दिवशी जोडा. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मी घेतली नव्हती, म्हणून पहिले आठ दिवस कुणी धरलेच नाहीत.

पुढचं सगळं सरळ झालं. भुजपासून मांडवी साधारण ६० किलोमीटर.

मधोमध उंच घुमट, बाजूंना बंगाली धाटणीचे, रंगीत काचांच्या खिडक्या. मध्य प्रदेशातल्या ओरछा-दतियाच्या महालांची आठवण देणारी घडण. पण मी खिळले ती जाळीपाशी. भर दुपारी तांबड्या वालुकाश्माच्या जाळीमागे तळहात धरला, तर आपल्याकडच्या वाळ्याच्या ताटीमागे असावी तशी झुळूक! ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीनं ठसा घेतला. कागदी चिकटपट्टी सोबत ठेवा, वाऱ्यानं माझे दोन कागद उडाले.

सरांच्या पत्राचा मसुदा जपून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर सांगा, पाठवते.