१७५ मीटरची पाटी

चोंगचिंग, रात्री

चीनमधल्या यांगत्से नदीवरून थ्री गॉर्जेस धरणाकडे नेणारे आमचे जहाज सुटायला अजून तासभर आहे. चाओथ्येनमनच्या या टोकाशी च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते आणि संगमाच्या तिन्ही बाजूंना, डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारखे, हे अवाढव्य शहर चढत गेलेले आहे. जहाजावर चढण्यापूर्वी पासपोर्ट तपासण्यात आले. तिकिटावरचे नाव पासपोर्टमधल्या नावाशी अक्षरशः जुळावे लागते, त्यामुळे आडनाव आधी की नाव आधी यावर काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ घेतला, पण शांतपणे घेतला. आमच्या टेबलावर बसलेल्या जर्मन जोडप्याला या देशात यायला व्हिसाच लागला नाही. आम्हाला तो लागला, आणि त्यासाठी विमानाच्या तिकिटांपासून प्रत्येक मुक्कामाच्या आरक्षणापर्यंतचे सर्व कागद जोडावे लागले. मुंबईहून निघण्यापूर्वीच फोनवर अलीपे हे पैसे भरण्याचे ॲप घेऊन त्याला आपले क्रेडिट कार्ड जोडले होते, हे फार बरे झाले, कारण इथे भाजीवालीही रोख पैशांकडे कुतूहलानेच पाहते.

जेवणात शाकाहारी पदार्थ पुरेसे होते. सिचुआन पद्धतीच्या फरसबीत जिभेला मुंग्या आणणारे जे बारीक दाणे लागले, ते आपल्या तिरफळाच्याच कुळातले आहेत. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीशी ओळख असणाऱ्याने त्यांना बिचकण्याचे कारण नाही.

फंगदूच्या पुढे

सकाळी डेकवर आल्यावर पहिल्यांदा नजरेत भरली ती काठावरची उजाड पट्टी. पाण्याच्या कडेपासून वरच्या झाडीपर्यंत, दोन्ही तीरांवर, कोणीतरी दोरी लावून खरवडून काढल्यासारखा पिवळट मातीचा आणि खडकाचा एक सलग पट्टा आहे आणि त्याच्या वरच्या कडेला अधूनमधून पांढऱ्या पाट्या उभ्या आहेत. पाट्यांवर एकच आकडा आहे, १७५. यांनी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढल्यामुळे त्यांना तो कोणी समजावून सांगावा लागला नाही. थ्री गॉर्जेस धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १७५ मीटर आहे. पावसाळ्यापूर्वी, जूनपर्यंत, पाणी १४५ मीटरपर्यंत उतरवतात, म्हणजे पूर आला तर तो पोटात घ्यायला जागा राहते, आणि सप्टेंबरपासून ते पुन्हा चढवतात. आता एप्रिल असल्याने जलाशय उतरणीला लागलेला आहे आणि म्हणून हा पट्टा उघडा पडला आहे. वर्षातले काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उन्हात राहणाऱ्या त्या जमिनीत मोठे झाड तग धरणे अवघडच.

माहितीपत्रकात या प्रवासाला नदीची सफर म्हटलेले आहे. प्रत्यक्षात चोंगचिंगपासून धरणापर्यंतचे सहाशेहून अधिक किलोमीटर हा एक लांबट जलाशय आहे आणि आपले जहाज धरणाच्या पाण्यावर चाललेले असते. मला ही गोष्ट नकाशावरून माहीत होती, पण पाट्यांची ती रांग पाहिल्यावर ती वेगळ्या रीतीने कळली. माझ्या आईचे माहेर कोयनेच्या बुडितातले. साठच्या दशकात शिवसागर भरला तेव्हा आजोबांना उतारवयात सोलापूरकडच्या सपाट, रखरखीत मुलखात जाऊन नव्याने शेती शिकावी लागली. आज तापोळ्याला पर्यटक लाँचमध्ये बसून त्याच पाण्यावर फिरतात आणि छान म्हणतात, आणि पाणी खरोखरच छान असते. इथे मी त्या लाँचमधल्या माणसांच्या जागी बसलेली आहे, ही जाणीव दिवसभर सुटली नाही. पण त्यामुळे चहा कडू लागला असे लिहिले तर ते खोटे होईल.

फंगदूला देवळांचा मिंगशान डोंगर जागेवरच आहे. चिनी लोकसमजुतीप्रमाणे मेलेल्यांचा न्यायनिवाडा होतो तो हा परिसर. जिवंत माणसांचे जुने गाव मात्र पाण्याखाली गेले आणि नवे गाव समोरच्या दक्षिण काठावर उंच वसवले गेले. पुढे शिबाओझाईला खडकाला टेकून उभारलेला बारा मजली लाल लाकडी मनोरा आहे. तो वाचवण्यासाठी भोवती बांध घातला आणि टेकडीचे बेट झाले. फुलिंगजवळ, आम्ही झोपेत ओलांडलेल्या ठिकाणी, नदीपात्रातल्या खडकावर इ.स. ७६३ पासूनच्या दुष्काळी वर्षांतल्या नीचतम पाणीपातळ्यांच्या नोंदी माशांची चित्रे कोरून केलेल्या आहेत. जलाशयामुळे तो खडक कायमचा बुडणार म्हटल्यावर २००९ मध्ये त्याच्याभोवती पाण्याखालचे संग्रहालयच उभारण्यात आले. हे तिथे उतरून पाहता आले नाही म्हणून यांनी दुपारभर हळहळ व्यक्त केली, आणि मला ती पटली. कमी पाण्याची बारा शतकांची नोंद ठेवणारी नदी जगात आणखी कुठे असेल असे मला वाटत नाही.

छुतांग आणि वू

छुतांग ही यांगत्सेच्या तीन घळींपैकी, म्हणजे थ्री गॉर्जेसपैकी, सर्वांत आखूड, जेमतेम आठ किलोमीटरची, पण प्रवेशाचे दोन कडे असे समोरासमोर येतात की एवढी मोठी नदी यातून जाते कशी असे वाटावे. दहा युआनच्या नोटेच्या पाठीवर हेच चित्र आहे. त्यामुळे डेकवर प्रत्येकाला नोट हातात धरून छायाचित्र हवे होते आणि सगळे व्यवहार फोनवर होत असल्याने नोट मात्र कोणाकडेच नव्हती. एका आजोबांच्या पाकिटातली एकुलती एक नोट अख्ख्या डेकवर फिरली आणि सुखरूप परत गेली.

पूर्वी नाव ओढणारे माणसांचे तांडे प्रवाहाविरुद्ध जाताना कड्यात खोदलेल्या अरुंद वाटेवरून, खांद्यावर बांबूचे दोर घेऊन, वाकून चालत असत. छुतांगमधली ती वाट आता पाण्याखाली आहे. दुपारी बादोंगहून लहान बोटीने शननोंग ओढ्यात नेले तेव्हा थूच्या (तूजिया) नावाच्या जमातीतल्या काही पुरुषांनी उथळ पाण्यात उतरून आमची लाकडी नाव दोराने ओढून दाखवली. ओढ्याचा तेवढाच तुकडा त्यासाठी शिल्लक आहे. ते मनापासून गात होते, घाम खरा होता, आणि काम संपल्यावर प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे मला ठरवता येईपर्यंत नाव काठाला लागली होती.

वू घळीत ढग खाली उतरले होते आणि देवीचा सुळका म्हणतात तो खडक मिनिटभरच दिसला. तिथे मला डॉ. कोटणीस आठवले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते १९३८ मध्ये चीनला आले आणि जपानी फौजा वुहानवर चालून येत असताना तिथून, आजच्या धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या यीचांगमार्गे, चोंगचिंगला गेले. आम्ही उतरत आहोत त्याच्या उलट दिशेने त्यांना ही नदी चढावी लागली. धरणाच्या जवळ आज पाणी भरलेले असताना ते पूर्वीच्या पातळीपेक्षा शंभर मीटरांहून अधिक उंच असते. त्यांच्या काळातले कडे तेवढे उंच होते, खाली खळाळ होते आणि धोकेही. ती नदी आता कोणालाच पाहता येणार नाही.

आमची मार्गदर्शक मुलगी युनयांगची. परदेशी प्रवाशांसाठी ती इंग्रजीत जे सांगते त्यात धरणाची वीज नेमकी असते, २२,५०० मेगावॅट, सातशे मेगावॅटची बत्तीस जनित्रे आणि पन्नास मेगावॅटची दोन. विस्थापितांविषयी मात्र ‘सुमारे तेरा लाख लोक नव्या घरांत गेले’ एवढे एकच वाक्य. मी कोयनेचे सांगितल्यावर ती थोडी मोकळी झाली. २००० साली तिच्या काकांचे कुटुंब शांघायजवळच्या छोंगमिंग बेटावर पाठवले गेले. डोंगरउतारावर संत्री लावणाऱ्या माणसांना समुद्राच्या तोंडाशी सपाट भातजमीन मिळाली आणि शेजाऱ्यांची बोली काही केल्या कळेना. घर मोठे मिळाले, मुले शिकली, हेही तिने तितक्याच ठामपणे सांगितले. आजोबांविषयी माझी आई असेच दोन्ही अंगांनी बोलत असे. भाषा येत नसलेल्या परक्या प्रवाशाला यापेक्षा अधिक खरे काय कळणार, आणि जे कळले त्यावर निवाडा देण्याचा त्याला किती अधिकार, असे मला वाटले.

माओफिंग

हल्ली पुष्कळ जहाजे धरण ओलांडत नाहीत. प्रवाशांना वरच्या अंगाला माओफिंगच्या धक्क्यावर उतरवतात. हे गावही झिगुई तालुक्याचे नव्याने वसवलेले मुख्यालय आहे. तिथून बसने, पुन्हा पासपोर्ट दाखवून आणि सामान तपासून घेऊन, थानझीलिंगच्या टेकडीवर नेतात. सव्वादोन किलोमीटरहून लांब भिंत धुक्यात अर्धीच दिसली, पण यांचे सगळे लक्ष पाच पायऱ्यांच्या लॉककडे, म्हणजे दारे लावून पाणी कमी करत जहाज उतरवणाऱ्या हौदांच्या रांगेकडे, होते. जलाशय भरलेला असताना तिथे जहाजे एकूण ११३ मीटर खाली उतरतात आणि त्याला तीन-चार तास लागतात. २०१६ पासून तीन हजार टनांपर्यंतच्या जहाजांसाठी पाण्याने भरलेल्या हौदासकट वरखाली करणारी लिफ्टही आहे, ती हेच अंतर चाळीसेक मिनिटांत कापते. एवढे अचूक काम पाहून त्यांचे डोळे भरून आले, हे मी इथे लिहिते आहे म्हणून ते रागावतील.

मी कोयनानगरच्या १९६७ च्या डिसेंबरातल्या भूकंपाचा विषय काढला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून कोयना जगभर अभ्यासली जाते, तर इथे काय? इथला प्रश्न मुख्यतः दरडींचा, असे ते म्हणाले. २००३ च्या जूनमध्ये पाणी पहिल्यांदा १३५ मीटरपर्यंत चढवले आणि पुढच्याच महिन्यात याच झिगुईत छ्यानच्यांगफिंगचा डोंगर खचून, बेपत्ता धरून, चोवीस माणसे गेली. वाटेत ठिकठिकाणी काँक्रीटच्या जाळ्यांनी बांधलेले उतार दिसले ते त्यामुळेच. २०११ च्या मे महिन्यात खुद्द चीनच्या मंत्रिमंडळाने विस्थापितांची उपजीविका, पर्यावरण आणि दरडी यांबाबत तातडीने सोडवण्यासारखे प्रश्न असल्याचे मान्य केले होते. आपल्याकडे कोयनेचे धरणग्रस्त पन्नास वर्षांनंतरही जमिनीच्या पट्ट्यांसाठी ठिय्या देऊन बसले, ही त्याला लागून आठवणारी गोष्ट. कुठल्या एका व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासाठी ती पुरत नाही.

यीचांगहून चोंगचिंगला आता रेल्वेने पाच तासांच्या आत जाता येते, त्यामुळे प्रवासाची गरज म्हणून या नदीवर फारसे कोणी येत नाही, आमच्यासारखे हौशीच येतात. कोणी विचारले तर मी ऑक्टोबरऐवजी एप्रिल सुचवेन. ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी पाटीला टेकते, काठ हिरवे होतात आणि छायाचित्रे उत्तम येतात, असे मार्गदर्शक मुलगीही सांगत होती. पण उघडा पट्टा दिसल्याशिवाय आपण कशावरून चाललो आहोत हे समजत नाही, आणि ते समजायला एप्रिलच बरा.