हित्रा १:७२ : सांगाडा दुसऱ्यांदा, इंजिन हट्टानं

मागच्या वेळी हित्रा या युद्धनौकेच्या १:७२ मॉडेलचा सांगाडा दाखवला तेव्हा भलताच खुशीत होतो. मग पुण्यात पंधरा दिवस झड लागली आणि बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) आडछेदांनी, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फासळ्यांनी, पीळ खाल्ला. साडेसेहेचाळीस सेंटिमीटरच्या मॉडेलला नाळेपाशी (पुढच्या टोकाला) चार मिलिमीटर बाक! जहाज कसलं, केळं झालं होतं. सगळं मोडलं. या खेपेला आडछेद स्टायरीन प्लॅस्टिकचे कापलेत, बाल्सा फक्त मधल्या भरावाला.

नव्या मंडळींसाठी: हित्रा म्हणजे मूळची अमेरिकी नौदलाची एससी-७१८, ११० फुटी लाकडी सब-चेझर, म्हणजे पाणबुड्यांमागे लागणारी छोटी युद्धनौका. १९४३ साली व्हिग्रा आणि हेसा या दोन बहिणींबरोबर ती स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या स्कॅलोवे बंदरात नॉर्वेजियन खलाशांच्या हाती आली. त्याआधी हे लोक मासेमारीच्या बोटींतून जर्मनव्याप्त नॉर्वेला जात, आणि १९४२-४३च्या हिवाळ्यात त्यांची फार माणसं गेली. नव्या तिघींनी युद्ध संपेपर्यंत शंभरावर फेऱ्या मारल्या, एकही माणूस न गमावता. व्हिग्रावर कप्तान लेइफ लार्सन, हित्रावर इंग्वाल्ड आइड्सहाइम. नावाला पाणबुडीची शिकारी. काम मात्र हेर आणि हत्यारं रात्रीतून किनाऱ्याला पोचवायची, येताना निर्वासित आणायचे.

म्हणून डेक चकचकीत ठेवणार नाही. १९८१मध्ये ती स्वीडनच्या कार्ल्सक्रोनात अर्धी बुडालेली सापडली, नंतर नॉर्वेत डागडुजी झाली. आज मिळणारे बहुतेक रंगीत फोटो त्या नटवलेल्या हित्राचे. मला १९४३-४४च्या हिवाळ्यातली हवीय: खारानं पांढुरकी, डेकवर ताडपत्रीखाली खोकी.

आता इंजिन. डेक चिकटवल्यावर कुणालाही दिसणार नाही, घरी हे ऐकवून झालंय. पण जनरल मोटर्सचं हे ‘पॅनकेक’ डिझेल सोडवेना. क्रँकशाफ्ट उभा, त्याभोवती चार-चार सिलिंडरचे चार थर, एकावर एक. प्रत्येकी १२०० अश्वशक्ती, आणि अशी दोन! म्हणून तर ही लाकडी बोट २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) वर पळायची. सिलिंडरचा आतला व्यास ६ इंच, माझ्या मापात जेमतेम २ मिमी. जाडी धरून बॉलपेनची रिफिल झकास बसते. बत्तीस तुकडे कापले; शाई नीट न धुतल्यानं पाच निळे निघाले. राहू देत.

पुढं डेकवरची बोफोर्स तोफ. नळीसाठी इंजेक्शनच्या सुया आणल्यात, पण टोक सरळ घासताना दोन वाकल्या. कुणी डायमंड फाइल वापरलीय का?