चढती अंगठी : रबराच्या जादूतील पाच महिन्यांची नोंद

मागची नोंद मी फेब्रुवारीत लिहिली, तेव्हा उडी (रबर दोन बोटांवरून शेजारच्या दोन बोटांवर उडते) आणि आरपार (एकमेकांत अडकलेली दोन रबरे एकमेकांतून पार होतात) हे दोन प्रयोग हातात बसले होते आणि चढती अंगठी, म्हणजे तिरक्या ताणलेल्या रबरावर अंगठी आपोआप वर चढताना दिसते तो प्रयोग, मात्र दहापैकी सहा वेळा फसत होती. आता जुलै संपत आला आहे. अंगठी नीट चढते, आणि गेल्या महिन्यापासून प्रेक्षकाने ‘थांब’ म्हटले की ती मध्येच थांबते. हे थांबणे आधी कोणी केलेही असेल, पण माझ्याकडे ते माझ्याच सरावातून आले, म्हणून कसे जमले ते सविस्तर लिहितो.

आधी रबराविषयी, कारण माझे निम्मे अपयश तिथे होते. परदेशी जादूगार शिकवताना ‘एकोणीस नंबरचे रबर’ सांगतात. हे रबर चपटे धरले असता साडेतीन इंच लांब आणि एक सोळांश इंच रुंद असते. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात रबर वजनावर मिळते आणि दुकानदार जे इंच सांगतो ते बहुधा गोल ठेवलेल्या रबराचा व्यास असतो. साडेतीन इंच लांबीचा घेर सात इंच, म्हणजे व्यास सव्वादोन इंचांच्या आसपास. हा हिशेब लक्षात येईपर्यंत मी दीड इंची रबरांवर कित्येक आठवडे बोटे दुखवून घेत होतो. सव्वादोन इंची मिळाले नाही तर दोन इंची, अरुंद आणि एकसारख्या जाडीचे निवडावे. पुडीतील निम्मी रबरे कापताना वाकडी झालेली असतात, ती बाजूला काढावीत. नवे रबर पहिल्या काही ताणांना कडक लागते, मग सैलावते. म्हणून प्रयोगाआधी प्रत्येक रबर पंधरा वेळा पूर्ण ताणून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे.

चढत्या अंगठीचे तत्त्व असे आहे. रबर प्रेक्षकासमोर तोडायचे, अंगठी त्यात ओवायची, आणि दोन हातांत तिरके ताणून धरायचे. पण ताणलेला असतो तो जेमतेम पाच सेंटिमीटरचा तुकडा, बाकीचे रबर खालच्या मुठीत दडलेले असते. खालची चिमूट हळूहळू सुटू लागली की रबर वरच्या हाताकडे आक्रसत जाते आणि अंगठीला सोबत नेते. अंगठी रबरावरून सरकत नाही, रबरच तिला घेऊन वर जाते. दोन हातांत सोळा सेंटिमीटर अंतर ठेवून मुठीतले रबर सुमारे सात सेंटिमीटर सोडले तर अंगठी आठ सेंटिमीटरच्या आसपास चढते, आणि समोर बसलेल्या माणसाला एवढे अंतर पुष्कळ वाटते. हात फार उभे धरले तर अंगठी घसरते, त्यामुळे तीस अंशांच्या आसपासचा तिरकेपणा मला योग्य वाटतो. आरपारच्या रबरांना मी टाल्कम पावडर लावतो, पण या रबराला ती मुळीच लावू नये; अंगठीला धरून ठेवणारे घर्षणच त्याने निघून जाते.

थांबवण्यात अडचण होती ती चिमटीची. चिमूट ढिली करून रबर सरकू दिले की ते आधी अडते आणि मग एकदम निसटते, आणि अंगठी झटके खात चढते. झटका दिसला की पाहणाऱ्याची नजर अंगठीवरून खालच्या हाताकडे वळते, आणि मग प्रयोग वाचवता येत नाही. एप्रिलचा अख्खा महिना मी चिमटीचा जोर कमी-जास्त करण्यात घालवला आणि त्यातून काहीही निघाले नाही. उपाय सापडला तो सुईत ओवण्यासाठी दोऱ्याचे टोक वळताना. आपण दोरा अंगठा आणि तर्जनी यांच्यात सरकवत नाही, घोळवतो. तसाच अंगठा तर्जनीच्या पेरावर अगदी सावकाश पुढे घोळवला तर रबर निसटत नाही, केसाकेसाने सुटत जाते, आणि अंगठा थांबला की अंगठीही तिथल्या तिथे थांबते. एका घोळवण्यात दीडेक सेंटिमीटर रबर सुटते. मग मधल्या बोटाने क्षणभर रबर धरून अंगठा पुन्हा मागे आणावा लागतो, आणि प्रेक्षकाने ‘थांब’ म्हटलेला क्षण नेमका त्यासाठी उपयोगी पडतो. रोज चाळीस वेळा असे पाच आठवडे केल्यावर हात बसला.

सराव मी आरशापुढे करणे सोडले आहे. आरशात आपण आपल्याच डोळ्यांकडे पाहतो आणि नेमक्या क्षणी नकळत पापणी मिटतो. मोबाइल बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करावे, चुका लगेच दिसतात.

तरीही एक चूक मोबाइलला दिसली नाही, ती मावशीला दिसली. मे महिन्यात तिच्याकडे गेलो असता तिचीच अंगठी मागून प्रयोग केला. अंगठी सुरेख चढली. मावशीने ती परत बोटात घातली आणि म्हणाली, “अंगठीचं कळलं नाही रे, पण तुझं नख असं पांढरंफटक का पडलं होतं?” त्या वेळी मी रबर वीस सेंटिमीटरपर्यंत ताणत होतो आणि सगळा जोर अंगठ्याच्या टोकावर येत होता. तेव्हापासून अंतर सोळावर आणले आणि पकड टोकाऐवजी तर्जनीच्या मधल्या पेरापाशी नेली. तिच्या त्या वाक्याने माझा जितका फायदा झाला तितका कोणत्याही चित्रफितीने झालेला नाही. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट कळली: रंगीत रबर ताणले की फिकट होते आणि सैल पडत गेले की रंग गडद होत जातो. अंगठी चढत असताना रबराचा रंगही पालटत राहिला तर चौकस माणसाला दुवा मिळतो. साध्या पिवळसर तपकिरी रबरात हा बदल जवळजवळ जाणवत नाही.

प्रयोगांचा क्रम आता असा ठरला आहे: आधी उडी, आणि तीही प्रेक्षकाच्या स्वतःच्या बोटांवर, मग आरपार, शेवटी अंगठी. आरपार म्हणजे अमेरिकन जादूगार मायकेल अमार यांनी लोकप्रिय केलेला ‘क्रेझी मॅन्स हँडकफ्स’ हा प्रयोग. त्याची कृती मी इथे लिहिणार नाही. ज्यांना शिकायची आहे त्यांनी ती शिकवणाऱ्यांकडूनच घ्यावी. एवढेच सांगतो की दोन्ही रबरे एकमेकांवर घासून दाखवण्याचा वेळ मी दुप्पट केला आणि परिणाम कितीतरी पटींनी वाढला. अडकलेली रबरे पाहणाऱ्याला डोळ्यांइतकीच कानांनीही पटावी लागतात.

उन्हाळ्यात खिशात ठेवलेली रबरे चिकट झाली आणि एक रबर प्रयोगाच्या मध्यात तुटून माझ्या भुवईवर बसले. स्टीफन पेरी यांनी 1845 मध्ये लंडनमध्ये रबरबँडचे पेटंट घेतले ते गंधकाने पक्क्या केलेल्या रबराच्या जोरावर, कारण कच्चे रबर उन्हात असेच चिकट होत असे. पण पक्के रबरही ऊन, हवा आणि ताण यांनी म्हातारे होतेच. बारीक आडव्या चिरा दिसल्या की रबर फेकून द्यावे, विशेषतः समोर लहान मूल बसणार असेल तर. माझी रबरे आता झाकणाच्या स्टीलच्या डबीत, कपाटात असतात.

गेल्या रविवारी शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने अंगठी मध्यावर थांबवली आणि म्हणाली, “आता खाली आण.” मला ते करता आले नाही. अंगठा उलटा घोळवून ताणलेले रबर परत मुठीत ओढायचे, तेही हात न हलवता. कालपर्यंत अंगठी दोन सेंटिमीटर खाली येऊ लागली आहे.